रिकामं वाटतं ते आधी पुरतं ऐका

वाचकाचं पत्र: «मी २३ वर्षांचा, वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. अकरावी-बारावीत फेस्टिव्हलचं ईडीएम, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, ऐकायचो. गोवा जवळ, त्यामुळे पुढे सायट्रान्स या वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीताचं वेड लागलं. गेली दोन वर्षं डबस्टेप, म्हणजे जड बासवर उभं असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत. आता जुनी प्लेलिस्ट लावली तर दोन गाण्यांच्या पुढे जाववत नाही. मित्र म्हणतात, ‘तुझी आवड दर वर्षाला बदलते, तुझं स्वतःचं असं काही नाहीच.’ त्यात आता डबस्टेप सगळीकडे झालंय. रीलमध्ये, जिममध्ये, हळदीच्या डॉल्बीवर. ते ऐकून आनंद व्हायच्या ऐवजी चिडच येते. उलट लोक ज्याला खरं डबस्टेप म्हणतात ती लंडनची जुनी गाणी लावली तर रिकामी वाटतात. मी फोनवर आणि एका छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकतो. मोठा आवाज केला की आई ओरडते, ‘कौलां खाली येतली!’ भजनात मी पखवाज वाजवतो, त्यामुळे ताल कळतो असा माझा समज होता. माझी आवड खरी आहे की मी नुसता वाहवत चाललोय? दहा हजारांत काय घेऊ? आणि यंदा गणपतीत मंडळाच्या स्पीकरवर डबस्टेप लावू का?»

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: फोनवर आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकतो. आवड खरी की खोटी हे नंतर बघू. ज्या गाण्यांना तुम्ही रिकामी म्हणता ती तुम्ही अजून ऐकलेलीच नाहीत.

डबस्टेपचा खालचा बास, ज्याला सब म्हणतात, तो साधारण ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा लहान तेवढा आवाज खोल. फोनच्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही. तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर फार तर ७०-८० पर्यंत उतरतो, आणि तिथेही दमतो. म्हणजे २००५ च्या आसपासचं लंडनचं गाणं तुमच्या फोनवर वाजतं तेव्हा कानावर काय येतं? एक स्नेअर (ड्रमचा कडक ठोका), थोडी हाय-हॅट (झांजेची टिकटिक), लांबून आलेला एको. गाणं ज्या बासवर उभं आहे तो गाळूनच तुमच्यापर्यंत पोचतोय. पखवाजाचा धुमा, म्हणजे खोल आवाजाचं डावं तोंड, काढून नुसती उजवीकडची शाई वाजवली आणि ‘भजन फिकं झालं’ म्हटलं, तसंच हे.

धुम्याचा विषय निघालाच आहे, तर तिथेच थोडं थांबू या, कारण तुमच्या आवडीचं मूळ आम्हाला रीलपेक्षा तिथे जास्त दिसतं. धुम्याला ओली कणीक लावताना तुम्ही काय करता ते आठवा. कमी पडली तर आवाज पातळ आणि टणक येतो. जास्त झाली तर तो बसतो, घुमारा मरतो. मधला एक नेमका अंदाज असतो. तो सापडला की एका थापेचा आवाज खोलीभर पसरतो, आणि पुढची थाप पडेपर्यंतची जी जागा असते ती भरल्यासारखी वाटते. कणीक सुकत गेली की आवाज चढतो आणि तुम्ही ती पुन्हा ओली करता. हे काम बोटं करत असली तरी निर्णय कानाचा असतो, आणि तो निर्णय सगळा खालच्या आवाजाबद्दलचा आहे. वर्षानुवर्षं हे करणाऱ्या माणसाला एक दिवस सबवर उभं असलेलं संगीत खुणावलं, यात वाहवत जाण्यासारखं काय आहे?

तालाचंही तसंच. डबस्टेपची गती साधारण १४० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १४० ठोके. एक ठोका ०.४३ सेकंदाचा, चार ठोक्यांचं आवर्तन १.७१ सेकंदांचं. सायट्रान्सची गतीही १४० च्या आसपास किंवा थोडी वर असते, पण तिथे प्रत्येक ठोक्यावर किक (ड्रमचा खालचा जड ठोका) पडते. डबस्टेपमध्ये किक पहिल्या ठोक्यावर आणि स्नेअर तिसऱ्यावर. पूर्ण आवर्तनात स्नेअर एकदाच. म्हणून अंगाला ७० चा ठाय (संथ लय) जाणवतो आणि हाय-हॅट मात्र वर १४० ची दुगुण (दुप्पट लय) चालवत राहते. ठाय आणि दुगुण एकाच वेळी! भजनात त्या एकामागून एक येतात, इथे एकावर एक बसतात. तेव्हा सायट्रान्सकडून डबस्टेपकडे येताना तुम्ही गती सोडलेली नाही. पावलं तेवढी निम्मी केलीत.

मग जुनी प्लेलिस्ट का नकोशी झाली? फेस्टिव्हलच्या ईडीएमचा साचा पक्का असतो: १२८ च्या आसपासची गती, आठ किंवा सोळा आवर्तनं चढत जाणारा स्नेअरचा रोल, क्षणभर शांतता, मग ड्रॉप, म्हणजे बास आणि ताल एकदम कोसळतात तो क्षण. पहिल्या शंभर गाण्यांत त्या चढण्याची मजा असते. पुढे कान शिकतो आणि ड्रॉप कुठे पडणार हे आधीच सांगू लागतो. जे आधीच कळलं त्याची वाट बघायला मन तयार होत नाही. ही कानाची वाढ आहे. ती गाणी त्यामुळे खोटी ठरत नाहीत आणि त्या वेळचे तुम्हीही नाही. ती प्लेलिस्ट पुसू नका. वर्षभराने ती पुन्हा ऐकाल तेव्हा तिच्यातल्या दोन-चार गोष्टी तुम्हाला वेगळ्याच कारणाने आवडतील. मित्रांना पटवायच्या भानगडीत पडू नका. त्यातल्या एखाद्याला पुढे सांगितलेल्या रीतीने एक गाणं शेवटपर्यंत ऐकवा, तेवढं पुरे.

आता हळदीतलं डबस्टेप आणि लंडनचं जुनं डबस्टेप एकमेकांना ओळखही का देत नाहीत, ते बघू. तुमची चीड इथेच अडकली आहे.

हे संगीत दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागात घडलं. तिथे बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं, आणि हॅचा, स्क्रीम, बेंगा ही डीजे आणि निर्माते पोरं त्याच्या आजूबाजूची. २००१ मध्ये ‘फॉरवर्ड’ ही क्लबातली रात्र सुरू झाली. रिन्स एफएम तेव्हा विनापरवाना चालणारं रेडिओ केंद्र होतं, त्यावरून हा आवाज पसरला. २००५ मध्ये माला, कोकी आणि लोएफा यांनी दक्षिण लंडनमधल्याच ब्रिक्स्टनमध्ये ‘डीएमझेड’ ही अशीच क्लबातली रात्र सुरू केली. त्यांच्या पत्रकावर ‘बासच्या वजनावर ध्यान करा’ अशा अर्थाचं आवाहन असायचं, आणि ते अक्षरशः घ्यायचं. अंधारी खोली, प्रचंड सब, आणि वर फारसं काही नाही. हा रिकामेपणा जमैकाच्या डबमधून आला. सत्तरच्या दशकात किंग्स्टनला किंग टबीसारखे लोक तयार गाण्यातून गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचे, ढोल आणि बास तेवढे ठेवायचे आणि मोकळ्या जागेत एको सोडायचे. ती जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण तीत बास राहतो.

पुढे हे संगीत मोठ्या क्लबांत, फेस्टिव्हलच्या मैदानांवर आणि सगळ्यात जास्त म्हणजे लॅपटॉपवर पोचलं. लॅपटॉपला सब नाही. म्हणून वजन वर सरकलं. साधारण २०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात गुरगुरणारे, किंचाळणारे आवाज आले, कारण ते कुठल्याही स्पीकरवर ऐकू येतात. स्क्रिलेक्स या अमेरिकन निर्मात्याचं २०१० मधलं काम हा त्याचा कळस, आणि २०१२ मध्ये त्याला तीन ग्रॅमी मिळाली. आपल्याकडे न्यूक्लिया या निर्मात्यांनी २०१५ च्या ‘बास रानी’ या अल्बममध्ये तेच वजन रस्त्यावरच्या वरातीच्या रंगात आणलं. तुमच्या हळदीच्या डॉल्बीवर आज जे वाजतं त्याची वाट इथून आलेली आहे. आणि लाट ओसरली म्हणावं तर २०२४ मध्ये स्क्रिलेक्स, ब्रिटिश निर्माता फ्रेड अगेन आणि लंडनचा एमसी (माइकवर शब्द म्हणणारा) फ्लोडॅन यांच्या एका गाण्याला पुन्हा ग्रॅमी मिळालं. त्या गाण्यात मात्र भर पुन्हा जुन्या लंडनच्या मोकळ्या जागेवर आणि जड बासवर आहे. म्हणजे लोकप्रियता आली म्हणून संगीत पातळच होतं असं नाही.

तेव्हा हळदीतला ड्रॉप ऐकून चिडू नका. ते चुलतभावाचं घर आहे. तुम्हाला तिथे राहायचं नसेल तर राहू नका, पण ते पाडायचीही गरज नाही. एक तपासणी मात्र करा: तुम्हाला राग संगीताचा येतोय की रीलच्या कात्रीचा? डबस्टेपचं गाणं बहुतेकदा साडेचार ते सहा मिनिटांचं असतं. सुरुवातीला ३२ आवर्तनं नुसती बांधणी असते, म्हणजे १४० च्या गतीने सुमारे ५५ सेकंद. रीलमध्ये त्यातले ड्रॉपच्या अलीकडचे पाच आणि पलीकडचे दहा सेकंद उरतात. वाट न बघता आलेला ड्रॉप हा नुसता धक्का असतो, आणि दिवसात चाळीस धक्के खाल्ले की कोणालाही वीट येईल.

आता पैशाचं. दहा हजारांत स्पीकर घेऊ नका. त्या किमतीत ४० हर्ट्झ स्वच्छ देणारा जोड मिळणं कठीण आहे, आणि मिळाला तरी कौलारू घरात तो लावता येणार नाही. त्याऐवजी कानाच्या आत बसणारे, वायरचे, एका डायनॅमिक ड्रायव्हरचे (आत साध्या स्पीकरसारखा एक छोटा पडदा असलेले) इअरफोन घ्या. दीड-दोन हजारांत चांगले मिळतात आणि कानात नीट बसले तर २०-३० हर्ट्झपर्यंत आरामात उतरतात. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा डॅक (फोनच्या भोकाला लावून इअरफोनचा जॅक देणारा तुकडा) हजाराच्या आसपास येतो. उरलेले पैसे बाजूला ठेवा.

‘कानात नीट बसले तर’ यातच सगळं आहे. बास पळून जाण्याचं सगळ्यात मोठं कारण रबरी टोपी ढिली असणं हे असतं. डब्यात तीन मापांच्या टोप्या येतात, आणि डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागणं अगदी सर्रास आहे. फोनवर टोन जनरेटरचं एखादं मोफत ॲप घ्या. आवाज कमीत कमी ठेवा, मग १०० हर्ट्झ लावा, नंतर ८०, ६०, ५०, ४०, ३०. प्रत्येक पायरीवर दोन्ही कानांत आवाज सारखा येतो का बघा. ६० च्या खाली एकदम गळला तर टोपी बदला. सूर खाली जातोय पण अखंड राहतोय, असं झालं की बसले समजा. इअरफोन बोटाने किंचित दाबल्यावर बास वाढत असेल तर अजून माप चुकलेलंच आहे. फोनमधला बास बूस्ट, थ्रीडी, आवाज रुंद करणारी बटणं सगळी बंद करा, नाहीतर तुम्ही गाण्याऐवजी फोनची करामत ऐकाल.

यानंतर ज्या ॲपवर गाणी ऐकता त्यातलं सगळ्या गाण्यांचा आवाज समान करण्याचं सेटिंग चालू करा. हे फार कमी जण करतात. माणसाच्या कानाला दोन गोष्टींतली किंचित मोठी गोष्ट सहसा बरी वाटते. फेस्टिव्हलची गाणी दाबून दाबून मोठी केलेली असतात, जुन्या लंडनच्या गाण्यांत मोकळीक जास्त. एकापाठोपाठ ऐकलीत तर मोठं जिंकणार, आणि तुम्हाला वाटणार की आपली आवड तिकडची आहे.

आवाज किती ठेवायचा? कान मुळातच खालच्या स्वरांना मंद असतो, आणि आवाज कमी असला की आणखी मंद होतो. म्हणून बासचे शौकीन आवाज वाढवत नेतात. बासने कान सहसा दुखत नाही. दुखापत जास्त करून वरच्या आवाजांनी होते, आणि ते बासबरोबर वाढलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजली किंवा आईचं बोलणं कापसातून आल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी आवाज जास्त होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या.

आता काय ऐकायचं. उलट्या क्रमाने जा. तुम्हाला आज आवडतं त्या गाण्यापासून निघा आणि त्याच्या निर्मात्याने कोणाकडून घेतलं तिकडे एकेक पायरी मागे या: २०१० नंतरचं, मग स्क्रीम आणि बेंगाचं २००५-०८ चं, मग माला आणि कोकी, शेवटी किंग टबी. एका आठवड्यात एकच पायरी, आणि त्या पायरीतली दोनच गाणी, प्रत्येकी चार वेळा. पहिल्या वेळी नुसतं ऐका. दुसऱ्या वेळी फक्त स्नेअर मोजा. तिसऱ्या वेळी सगळं सोडून सबच्या मागे जा: तो कुठे सुरू होतो, कुठे थांबतो, किकला जागा द्यायला कुठे बाजूला होतो. चौथ्या वेळी मांडीवर ठेका धरा, डाव्या हाताने सब आणि उजव्याने हाय-हॅट. तुमच्यासाठी ही चौथी फेरी फार मोलाची. चार फेऱ्यांनंतरही गाणं रिकामं वाटलं तर ते तुमचं नाही, आणि असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

डबस्टेपचा तो ‘वॉव-वॉव’ आवाज कशाने होतो हे कळलं की ऐकण्यात फार फरक पडतो. धुम्यावर तळहात दाबून सूर वाकवतात तसा तो नसतो. सूर तोच राहतो. ‘ऊ’ म्हणत राहा आणि ओठ हळूहळू उघडत ‘आ’ करा, पुन्हा मिटत ‘ऊ’. सूर न बदलता आवाज उजळला आणि काळवंडला. तोंडाच्या जागी फिल्टर, ओठ हलवणाऱ्या हाताच्या जागी एक सावकाश लहर, बस. ती लहर तालात बांधलेली असते. १४० च्या गतीला ठोक्याला एक वॉव म्हणजे सेकंदाला २.३३, ठोक्याला दोन म्हणजे ४.६७, तीन म्हणजे बरोबर ७. चांगला वादक बोल बदलतो तसा चांगला निर्माता एकाच आवर्तनात दोनचे तीन आणि तीनचे चार करतो. ते मोजायला लागलात की हळदीतलं कुठलं गाणं मन लावून केलंय आणि कुठलं नाही, हे तुम्हाला दहा सेकंदांत कळेल.

लॅपटॉप हाताशी असेल तर व्हायटल नावाचा सिंथ (आवाज बनवणारा प्रोग्राम) मोफत मिळतो, त्यात स्वतः करून बघा. सॉ लहर (करवतीच्या दात्यांसारखी, धारदार आवाजाची) घ्या, लो-पास फिल्टर (वरचे आवाज अडवणारा) १२० हर्ट्झच्या आसपास ठेवा, एलएफओ (वर सांगितलेली सावकाश लहर) तालाला जोडून त्या फिल्टरवर लावा आणि तो वर हजार-दीड हजारापर्यंत उघडेल एवढी खोली द्या. हा थर १०० हर्ट्झच्या खाली कापा. खाली वेगळा, साधा साइन लहरीचा (गोल, धार नसलेला) सब ठेवा, त्याला एलएफओ लावू नका. नवशिक्यांचा बास चिखल होतो तो नेमका इथे. दोन्ही थर खालच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि सबसुद्धा वॉव-वॉव करायला लागला की ज्या जमिनीवर गाणं उभं राहायचं तीच हलते.

कौलांचं आईचं म्हणणं बरोबर आहे. चिऱ्याच्या भिंती जड, त्या बास आत परतवतात. कौलं रिपांवर नुसती टेकलेली असतात, ती वाजतात. त्यात स्पीकर कोपऱ्यात ठेवला असेल तर दोन भिंती आणि जमीन मिळून बास फुगवतात. तुमची खोली १२ फूट लांब असेल तर ४७ हर्ट्झच्या आसपास ती स्वतःच घुमते. भिंतीशी तो सूर प्रचंड वाटतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. १० फुटांची बाजू ५६ ला घुमते. म्हणून खोलीच्या मधोमध बसून ‘बास नाही’ म्हणत आवाज वाढवणं हे कौलं हलवण्याचं खात्रीचं साधन. समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसा. स्पीकर कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर काढा, खाली काथ्याचं जाड पायपुसणं घाला. मग ३० ते १०० हर्ट्झ सावकाश फिरवत हात लावून बघत खोलीभर चाला. निम्म्या वेळा वाजणारी वस्तू कौल नसतंच. फळीवरचं ताट, खिडकीचा गज किंवा कपाटाची काच असते. तिच्याखाली रबराचा तुकडा सरकवला की काम झालं.

पावसाळ्याची एक गोष्ट. खाऱ्या हवेत जॅकवर हिरवं किटण चढतं आणि एक बाजू खरखरायला लागते. लोक इअरफोन गेले म्हणून फेकून देतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने जॅक पुसा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर ठेवा. परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की सगळे प्लग भिंतीतून काढून ठेवा.

आणि गणपती. लावा, पण मंडळाला आधी विचारून, दिवसा, पंधरा-वीस मिनिटं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आपल्या जिल्ह्यात ते दिवस कोणते ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. पण नियमापेक्षाही, भजनाच्या वेळेवर अतिक्रमण करू नका. ते तुमचंच भजन आहे.

मंडळाचे स्पीकर म्हणजे बहुधा १५ इंची दोन डबे, वेगळा सब नाही. त्यांना ५० च्या खालचं जमत नाही, आणि उघड्या खळ्यात भिंतींची मदतही नसते. मग कोणीतरी इक्वलायझरवर खालची दांडी वर ढकलतो. ६ डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरकडून चौपट ताकद मागायची. तो ती देऊ शकत नाही, आवाज फाटतो, आणि थोड्या वेळात स्पीकरमधली तारेची कॉइल जळल्याचा वास येतो. म्हणून ती दांडी उलट खाली ओढा आणि ज्यांत बासला थोडी वरची धार दिलेली आहे अशी गाणी निवडा. अशा बासचे वरचे अंश ऐकून कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. वीज साध्या ५ ॲम्पियरच्या प्लगवरून, गुंडाळलेल्या बारीक एक्स्टेन्शनने घेऊ नका. गुंडाळी तापते आणि टोकाला दाबही पडतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या, पूर्ण उलगडून टाका.

दोन चुका मात्र हमखास होतात. पहिली, फोनचा स्टिरिओ जॅक एका वायरीने मिक्सरच्या एकाच माइक-लाइनच्या भोकात खुपसणं. ते भोक बॅलन्स्ड असतं, म्हणजे दोन तारांमधला फरक तेवढाच घेतं, त्यामुळे डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते तिथे एकमेकांतून वजा होतं. सब जवळजवळ नेहमी दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तोच सगळ्यात आधी नाहीसा होतो. गाणाऱ्याचा आवाजही जातो आणि एकोचं भूत तेवढं उरतं. दुकानातून फोनचा जॅक एका टोकाला आणि दोन मोठे मोनो जॅक दुसऱ्या टोकाला अशी वायर मागून घ्या, दोन वेगळ्या चॅनेलांत लावा. दुसरी चूक, एका डब्याची लाल-काळी वायर उलटी जोडलेली असणं. दोन्ही डब्यांच्या बरोबर मध्ये उभे राहा. बास तिथे मरतो आणि एका बाजूला सरकलं की येतो, असं असेल तर ॲम्प्लिफायर बंद करून एकाच डब्याच्या वायरी अदलाबदल करा. हे चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, ओसरीवर मखर बांधायचं काम चालू असतानाच करून घ्या. दुसऱ्या दिवशी कोणालाही वेळ नसतो.